नानांचं प्लॅटफॉर्म तिकीट

माझे सासरे रोज सकाळी पावणेसहाला प्लॅटफॉर्म तिकीट काढून काचीगुडा स्टेशनात शिरायचे आणि पावणेआठला बाहेर यायचे. त्यांना कुठेही जायचं नसायचं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, म्हणून ते चालायला जायचे.

हे ऐकून पुण्याहून माझ्या आईने फोनवर विचारलं, "अगं, तुमच्या हैदराबादेत बागा नाहीत का?" बागा आहेत. पण बागेपर्यंत पोचायला दोन चौक ओलांडावे लागतात, आणि त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, शहरातल्या प्रत्येकाने हप्त्यावर दुचाकी घेतली होती आणि ती चालवायला शिकण्यासाठी तो आमच्याच गल्लीत यायचा. नानांच्या मते प्लॅटफॉर्मसारखी जागा नाही. सपाट, झाडलेला, वर छप्पर, बसायला बाकं, वेळ बघायला घड्याळ. "बागेत कुत्री असतात. इथं टीसी असतो," असं ते म्हणायचे, जणू टीसीला रेल्वेने त्यांच्याच राखणीला ठेवला होता.

नानांचं पूर्ण नाव लक्ष्मणराव. मूळ गाव पूर्णेच्या पुढे, घरची शेती. निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकले, नोकरीसाठी शहरात आले आणि चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत काढून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. किराण्याची यादी अजून उर्दूत लिहितात. ती घरात दुसऱ्या कुणालाच वाचता येत नाही, त्यामुळे माझ्या सासूबाई, तारामतीबाई, यादी कौतुकाने हातात घेतात आणि दुकानातून आपल्याला हवं ते आणतात. असा दोघांचा संसार सुखाचा चाललेला.

माणूस अंगाने भरलेला, आवाज मोठा, स्वभाव लोण्यासारखा. एकच खोड. खायला दिलेल्याला नाही म्हणता येत नाही. "अन्नाला नाही म्हणू नये," हे त्यांच्या घरी म्हणे बाळकडूबरोबरच पाजत.

ऑगस्टमध्ये माझ्या नवऱ्याच्या, विकासच्या कंप्युटर कंपनीने कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांची तपासणी फुकट करून दिली. फुकट म्हणून नाना गेले आणि उपाशीपोटीची साखर दोनशे चौदा घेऊन आले. हिमायतनगरच्या डॉक्टर पद्मावती म्हणाल्या, रोज एक तास चाला, गोड बंद, तळलेलं बंद.

बंद करायचं खातं माझ्याकडे आलं. मी पुण्याची, मला कुठल्याही गोष्टीचा तक्ता केल्याशिवाय झोप येत नाही. फ्रिजवर तक्ता लागला. उठल्यावर मेथीचं पाणी, मग कारल्याचा रस, दोन भाकऱ्यांची एक भाकरी, तुपाची वाटी कपाटाच्या वरच्या फळीवर. मला वाटलं होतं नाना कुरकूर करतील. छे! कारल्याचा रस एका घोटात. एका भाकरीवर उठले तरी चेहरा तृप्त. मी शेजारणींना सांगत सुटले की माझ्या सासऱ्यांइतका शहाणा पेशंट नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पोट रिकामं असलेला माणूस इतका शहाणा कधी असतो का?

महिन्याने साखर दोनशे अडतीस निघाली.

डॉक्टर पद्मावतींनी चष्म्यावरून बघत विचारलं, "खरंच चालता ना?" नानांनी खिशातून प्लॅटफॉर्म तिकिटांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. टीसी ओळखीचा, त्यामुळे तिकीट परत घेत नसे. तीस दिवस, तीस तिकिटं, रबर लावून. डॉक्टरांनी गठ्ठा उलटापालटा करून बघितला. त्यांच्या शिक्षणात हा पुरावा कुठे आला नव्हता.

विकास मात्र नुसता बघत बसणारा नाही. त्याने त्याच आठवड्यात चालायचं मशीन आणलं. विजेवर पट्टा फिरतो, माणूस त्यावर चालतो आणि जागचा हलत नाही. आमच्या गल्लीतलं ते पहिलंच, त्यामुळे आठ दिवस लोक बघायला येत होते आणि सासूबाई प्रत्येकाला चहा देत होत्या. दिवाणखान्यातला दिवाण बाहेर गेला आणि तिथे हे भिंतीकडे तोंड करून बसलं. दसऱ्याला सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली. संध्याकाळी नानांनी बटण दाबलं तर माळ पट्ट्यात गेली आणि झेंडू घरभर उडाले.

मशीन आणलं त्या दिवशीच विकासने सांगून टाकलं. "नाना, दिवाळीपर्यंत टाइम. साखर एकशेचाळीसच्या खाली नाही आली तर स्टेशन क्लोज. मग वॉक फक्त मशीनवर."

नानांचा चेहरा असा पडला की मला कळेना. एवढं काय आहे त्या प्लॅटफॉर्मवर?

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग गेले. त्यांच्या तिकिटामागे माझं तिकीट. पुस्तकांच्या स्टॉलआड उभी राहिले. सुरुवातीला मला माझीच लाज वाटली, कारण नाना खरोखर चालत होते, हात मागे बांधून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चार फेऱ्या झाल्या. मग मराठवाड्यातून येणारी गाडी लागली, आणि नाना जनरल डब्यापाशी जाऊन उभे राहिले.

डब्यातून टोप्या, पटके, नऊवार लुगडी उतरायला लागली. कुणी दवाखान्याला आलेलं, कुणी कोर्टाला. गोंधळलेले, गाठोडी छातीशी धरलेले, भोवती सगळी तेलुगू आणि हिंदी. नाना पुढे झाले आणि म्हणाले, "कोणतं गाव?"

बस्स. त्या दोन शब्दांनी त्या माणसांचे चेहरे असे उजळले की विचारू नका. पाच मिनिटांत सगळी मंडळी बाकावर. नाना कागदावर बसचे नंबर लिहून देत होते, दवाखान्याची वेळ सांगत होते. आणि गाठोडी सुटली. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, तिळाची पोळी. नाना "नक्को, नक्को" म्हणत होते आणि हात पुढे करत होते. मी मोजलं. तीन धपाटे, एक तिळाची पोळी, अर्धा पेढा, वर पाक झालेला चहा.

म्हणजे मी घरात तुपाची वाटी वरच्या फळीवर ठेवत होते आणि इथे रोज सकाळी पंगत बसत होती!

मी स्टॉलमागून बाहेर आले. नानांनी मला पाहिलं. हातात चौथा धपाटा. दुसरा कुणी असता तर लपवला असता. नानांनी तो माझ्यापुढे धरला. "घे पोरी. गरम नाही, पण चव आहे."

स्टेशनच्या बाहेर आल्यावर मी जे सुटले ते थेट गल्लीच्या तोंडापर्यंत. "तुम्हाला मरायचंय का नाना? मी इकडे कारली कुटतेय आणि तुम्ही तिकडे! विकासला सांगू का आत्ता?"

नाना गल्लीच्या तोंडाशी थांबले. मग म्हणाले, "सांग. तुजं बरोबरच हाय. पण ऐक. गावाकडं आता माझं काय बी नाही. भाऊ गेला, शेत इकलं. ती गाडी येती ना, तेवढा अर्धा तास मी गावाकडं असतो. नक्को म्हणलं तर ते म्हणतील, शहरात राहून माजलं हे."

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. विकासला मी सांगितलं नाही.

आधी मी सरळ मार्ग काढला. नानांनी सगळ्यांना सांगायचं की मला साखरेचा आजार आहे. नानांनी आज्ञाधारकपणे सांगितलं. गावाकडची माणसं हळहळली. गाडीने निरोप गेला, आणि पुढच्या आठवड्यापासून नानांसाठी गूळ यायला लागला. "साखर वर्ज्य हाय नव्हं? मग ह्यो घरच्या उसाचा खावा, औषध नाही टाकलेलं." एकाने मध आणला. पंधरा दिवसांत आमच्याकडे चार ढेपा गूळ जमला आणि तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

मग मी दुसरा नियम काढला, आणि तो मात्र माझ्या डोक्यातून निघाला याचा मला अजून अभिमान आहे. भेटायचं, पण बसायचं नाही. ज्याला कोठीकडच्या सरकारी दवाखान्यात जायचं असेल त्याला कागद लिहून द्यायचा नाही, चालत सोडून यायचं. खायला दिलं तर तिथे खायचं नाही, बांधून घरी आणायचं.

नानांनी मान डोलावली. पहिल्या दिवशी सत्तरीचा एक शेतकरी होता, पाय दुखतो म्हणून दवाखान्याला आलेला. तो डोक्यावर गाठोडं घेऊन पुढे, आणि आमचे नाना मागून धापा टाकत, "ओ, हळू चला! रस्ता मी दाखवायलो ना तुम्हाला!" पायदुखीचा तो माणूस दर कोपऱ्यावर थांबून नानांची वाट बघत होता. त्या दिवशी नाना घरी आले आणि बुटांसकट झोपले.

पण पंधरा दिवसांत जमलं. जाऊन-येऊन तासभर, कधी दोन खेपा. रांगेत उभं राहायचं, चिठ्ठी काढून द्यायची, डॉक्टरांचं तेलुगू मराठीत सांगायचं. गयाबाई नावाची एक म्हातारी मोतीबिंदूसाठी तीन वेळा आली, एकटीच. नाना तिला हात धरून न्यायचे. नानांची तुमान सैल झाली. सासूबाईंनी नाडीला गाठ मारून दिली आणि बायका वजन उतरलेल्या नवऱ्याकडे जशा संशयाने बघतात तशा बघत राहिल्या. शेवटी त्यांनाही कटात घेतलं.

घ्यावंच लागलं, कारण घरी येणारं खाणं कुणीतरी आपलं म्हणायला हवं होतं. सासूबाई म्हणायच्या, "मी केले धपाटे." विकास खायचा आणि म्हणायचा, "आई, तुझ्या हाताला आजकाल वेगळीच चव आलीय." नानांची साखर उतरत होती आणि विकासचा पट्टा एकेका भोकाने पुढे सरकत होता. संध्याकाळी विकास घरी आला की नाना दहा मिनिटं मशीनवर उभे राहायचे, त्याच्या समाधानासाठी.

दिवाळीच्या आधी तपासणी झाली. एकशे चोवीस.

डॉक्टर पद्मावती खुर्चीतून उठल्या. "शाबास लक्ष्मणराव! काय केलंत?"

नानांनी तोंड उघडायच्या आत विकास म्हणाला, "मशीन! डॉक्टर, डेटा बघा. पहिला महिना फक्त स्टेशन, शुगर अप. मग मशीन आलं, शुगर डाउन. क्लिअर आहे. नाना, आता स्टेशनची गरजच नाही. ती गर्दी, ती धूळ, कशाला? उद्यापासून फक्त मशीन."

नाना माझ्याकडे बघायला लागले. साखर चढली असती तरी स्टेशन जाणार होतं आणि उतरली तरी चाललं होतं. आता मी गप्प राहणं बरं नव्हतं. जिन्यातच मी विकासला सगळं सांगून टाकलं. गाडी, गाठोडी, गूळ, कोठीच्या फेऱ्या.

"आणि धपाटे?" विकासने विचारलं.

"तेही."

त्याला सगळ्यात जास्त ते लागलं. "म्हणजे तिघं मिळून मला उल्लू बनवत होतात. तिथे रोज एवढं खाणं समोर येतं, आज नाही खाल्लं, उद्या खातील! कोण बघायला जाणार? मग तर स्टेशन नक्कीच बंद."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मला वाटलं नाना भांडतील. निदान मोठ्या आवाजात "हाट" तरी म्हणतील. नाना म्हणाले, "हौ. बंद." आणि स्कूटरवर मागे बसले.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला उठून मी चहा ठेवत होते. नाना मशीनवर चालत होते, भिंतीकडे तोंड करून. आमच्या घरी गाडीची शिट्टी ऐकू येते. सव्वासहाला ती वाजली. नानांनी बटण दाबून मशीनचा वेग वाढवला. पुन्हा वाढवला. घाम गळत होता, पावलं दणदण पडत होती, आणि गाडी जाईपर्यंत त्यांनी भिंतीवरची नजर हलवली नाही. माझ्याच्याने ते बघवेना. मी विकासला हलवून उठवलं आणि म्हणाले, ये आणि बघ. तो कूस वळवून म्हणाला, "चालतायत ना? गुड."

असे चार दिवस गेले. नाना कमी बोलायला लागले. कारल्याचा रस पहिल्यांदाच अर्धा ठेवला.

पाचव्या दिवशी, सकाळी पावणेसातला, दारावर धडधड झाली. विकास तोंडात ब्रश, कमरेला टॉवेल, अशा अवताराने दार उघडायला गेला. दारात सात माणसं. सात माणसांची अकरा गाठोडी. पुढे गयाबाई, डोळ्याला हिरवी पट्टी.

"लक्ष्मणरावांचं घर हेच का? टीसीसायबानं पत्ता दिला. चार दिस झाले ते ठेसनात नाहीत म्हणं. आजारी पडले का काय?"

विकासला उत्तर द्यायची संधी मिळाली नाही, कारण तोंडात फेस होता. मंडळी आत आली. दिवाण नव्हता, खुर्च्या तीन. तिघं खुर्च्यांवर, तिघं जमिनीवर, आणि गयाबाई मशीनवर ऐसपैस बसली. गाठोडी हँडलला अडकवली.

विकासने फेस गिळला. "आजी, अहो, ते बसायचं नाही..."

"असू दे बाळा. बाकडं चांगलं हाय. कशाला उगा खुर्ची." मग तिने त्याला न्याहाळलं. "तू लक्ष्मणरावाचा ल्योक का? हिकडं ये."

विकास टॉवेल धरून पुढे गेला. तिने त्याची हनुवटी धरली.

"पयल्या खेपेला आले तवा ठेसनातच रडत बसले व्हते. म्हणलं, परतीच्या गाडीनं माघारी जावं, आंधळं मरावं. तुज्या बापानं हात धरून नेलं. तीन डाव नेलं. माजा ल्योक नाही आला रं बाळा, तुजा बाप आला. ह्यो डोळा आता वाचलाय. आज पट्टी निघंल."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून चक्क रडत होते, आणि या वेळी मला रागबिग काही आला नाही.

कोपऱ्यातला एक म्हातारा हळूच म्हणाला, "आठाला चिठ्ठ्या बंद होत्यात म्हणं."

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नाना भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी विकासकडे पाहिलं आणि खाली बघत म्हणाले, "मला नका सांगू. आता मालक तो हाय."

विकास आत गेला. मला वाटलं कपडे घालून ऑफिसला निघेल. बाहेर आला तो पायात बूट घालून आणि हातात नानांचे बूट घेऊन. ते त्याने नानांच्या पायाशी ठेवले.

"चला नाना," तो म्हणाला. "मी पण येतो. मला त्या रांगेचं काही कळत नाही."

नाना खाली बसून बूट चढवायला लागले. घाईत त्यांची नाडी दोनदा सुटली, तेव्हा विकास गुडघ्यावर बसला आणि त्याने ती बांधून दिली.